कराचीचे सेंट पॅट्रिक हायस्कूल आणि त्याचे नामवंत विद्यार्थी

प्रतिवर्षी आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली प्रसिद्ध होते. कोणी वैद्यकीय परीक्षेत पहिला आलेला असतो, कोणी परदेशी गेलेला असतो, कोणास सरकारी मानाची जागा मिळालेली असते. ती नामावली वाचताना ऊर भरून येतो, हे खरेच. परंतु आयुष्याची चौतीस वर्षे खडूफळ्याच्या सहवासात काढलेल्या आमच्यासारख्या प्राथमिक शिक्षकाच्या मनात त्याच वेळी एक प्रश्नही उभा राहतो. या नामावलीतील यशाचे श्रेय कोणाचे? मुलाचे, आईबापांचे, ज्ञातीचे, की शाळेचे? आणि श्रेय शाळेचे मानले, तर पुढे त्या मुलाच्या हातून जे बरेवाईट घडते त्याची जबाबदारीही शाळेने घ्यावी काय?

आमचे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेले नाही. तेव्हा या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. मात्र निवृत्तीनंतर वाचनाचा जो थोडाबहुत नाद लागला, त्यात एका शाळेची हकीकत आमच्या हाती आली आणि तिने या प्रश्नावर पुष्कळच प्रकाश पडला. ही शाळा आपल्या ज्ञातीची नव्हे, आपल्या धर्माची नव्हे, आणि आज आपल्या देशातीलही नव्हे. ती आहे कराची शहरातील सेंट पॅट्रिक हायस्कूल ही कॅथलिक मिशनची मुलांची शाळा. तिची कथा आमच्या ज्ञातिबांधवांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शाळेचा उगम

सिंध प्रांत इंग्रजांनी १८४३ मध्ये जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्यास जोडला. तेव्हापासून १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, कराचीचा कारभार मुंबईहून चाले. सरकारी हुकूम मुंबईचे, शिक्षणखाते मुंबईचे, आणि १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर परीक्षाही मुंबईच्याच. १९४७ मध्ये सिंध विद्यापीठ निघेपर्यंत कराचीचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेस बसत असे. पुण्याचा मुलगा जी मॅट्रिक देई तीच कराचीचा मुलगा देई.

या संबंधामुळे मराठी माणसेही सिंधमध्ये गेली. त्यांपैकी नारायण जगन्नाथ वैद्य हे नाव आपण अभिमानाने घ्यावे असे आहे. ते तेथील शिक्षणखात्यात उपनिरीक्षक होते. सिंधी भाषेच्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या कामाची आठवण म्हणून १८५५ मध्ये सुरू झालेल्या कराचीच्या पहिल्या सरकारी शाळेस पुढे त्यांचे नाव देण्यात आले. देशाची फाळणी झाली, शहराची वस्ती पालटली, पण ते नाव त्या शाळेवरून पुसले गेले नाही. एका मराठी शिक्षणसेवकाचे यापेक्षा चिरस्थायी स्मारक कोणते असणार!

वैद्यांच्या त्या सरकारी शाळेनंतर सहा वर्षांनी, १८६१ च्या मे महिन्यात, सेंट पॅट्रिक शाळा निघाली. त्याच महिन्यात कराचीपासून कोटरीपर्यंतचा लोहमार्ग खुला झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि कराची बंदराच्या व्यापारास भरती आली. व्यापाराबरोबर कारकून आले, रेल्वेबरोबर कामगार आले, आणि लष्कराची छावणी तर आधीपासूनच होती. इंग्रजांच्या फौजेत आयर्लंडचे कॅथलिक शिपाई पुष्कळ असत. सेंट पॅट्रिक हा आयर्लंडचाच संत. शाळेचे ते नाव आमच्या कानाला अपरिचित वाटले, तरी त्या काळच्या छावणीस ते घरचे होते.

शाळा काढली जेसुइट पंथाच्या पाद्र्यांनी. पुढे १९३० नंतरच्या दशकात सिंधमधील मिशनचे काम हॉलंडच्या फ्रान्सिस्कन पंथीयांकडे गेले. शाळेच्या शेजारीच सेंट पॅट्रिकचे भव्य देवालय आहे. त्याची प्रतिष्ठापना १८८१ मध्ये झाली. जवळच मुलींसाठी जोगिणींनी काढलेली सेंट जोसेफ कॉन्व्हेंटची शाळा आहे. हा सर्व भाग सदर बाजारचा. कराचीत शाळांची वाण नव्हती. मुसलमान मुलांसाठी १८८५ मध्ये सिंध मदरसा निघाला, पारशांची स्वतंत्र शाळा होती, प्रॉटेस्टंट मिशनची होती. परंतु सेंट पॅट्रिक केवळ ख्रिस्ती मुलांपुरती राहिली नाही. गोव्याचे कॅथलिक, अँग्लो-इंडियन, पारशी, हिंदू आमिल आणि मुसलमान अशा सर्वांची मुले तेथे एका बाकावर बसू लागली. या एका गोष्टीतूनच पुढचा सगळा इतिहास घडला.

गोवेकरांची मुले

कराचीच्या गोवेकरांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. बार्देश, साष्टी या महालांतून शेकडो कुटुंबे गेल्या शतकाच्या आधीपासून आगबोटीने कराचीस जात. टपाल, रेल्वे, जकातखाते, शाळा आणि बँड यांत त्यांचा भरणा होता. १८८६ मध्ये त्यांनी आपली संस्थाही स्थापन केली. कराचीच्या मिशनरी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविणाऱ्या शिक्षकांमध्ये गोव्याची आडनावे मोठ्या संख्येने आढळतात. परमुलखात गेलेला समाज प्रथम काय करतो, तर आपली संस्था काढतो आणि मुलांस शाळेत घालतो. आपल्या ज्ञातीचे मुंबईतील आद्य पुरुषही हेच करीत आले, म्हणून ही गोष्ट आम्हांस जवळची वाटते.

या समाजातील जे विद्यार्थी नावारूपास आले त्यांत पहिला मान जोसेफ कॉर्डेरो यांचा. त्यांचा जन्म मुंबईत, १९१८ मध्ये. सेंट पॅट्रिक शाळेत शिकून, कराचीच्या महाविद्यालयात अभ्यास करून, पुढे त्यांनी धर्मदीक्षा घेतली. १९५८ मध्ये ते कराचीचे आर्चबिशप झाले आणि १९७३ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांस कार्डिनल केले. पाकिस्तानातून कार्डिनल झालेले ते पहिलेच. १९९४ मध्ये त्यांचे देहावसान झाले. मुंबईत जन्मलेला, मुळचा गोव्याचा मुलगा कराचीच्या शाळेतून निघून रोमच्या धर्मपीठापर्यंत पोहोचतो, ही गोष्ट कोणत्याही शाळेने भिंतीवर कोरून ठेवावी अशीच आहे.

दुसरे नाव वॉलिस मॅथायस यांचे. त्यांचा जन्म १९३५ चा. त्यांचे वडील गोवेकरांच्या जिमखान्यावर मैदानाची देखभाल करीत असत. मैदान झाडणाऱ्या, खेळपट्टीवर पाणी मारणाऱ्या बापाचा हा मुलगा १९५५ मध्ये पाकिस्तानच्या क्रिकेट संघात कसोटी सामना खेळला. पाकिस्तानकडून कसोटी खेळणारा तो पहिला बिगरमुस्लिम खेळाडू होय. एकवीस कसोटी सामन्यांत त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले. स्लिपमध्ये झेल घेण्यात त्यांचा हातखंडा होता. १९६०-६१ च्या हंगामात पाकिस्तानचा संघ भारतात आला, तेव्हा मॅथायस त्या संघात होते. १९९४ मध्येच त्यांचेही निधन झाले.

त्यांच्याच जोडीचे अंताव डिसूझा. हे तर प्रत्यक्ष गोव्यातील नागवे गावी १९३९ मध्ये जन्मलेले. गोलंदाज म्हणून ते सहा कसोटी सामने खेळले. १९६२ च्या इंग्लंड दौऱ्यातील त्यांची एक गंमत क्रिकेटचे जाणकार अद्याप सांगतात. शेवटी फलंदाजीस येणारा हा गोलंदाज त्या मालिकेत एकदाच बाद झाला, बाकी प्रत्येक वेळी नाबाद परतला. सबब, मोठमोठ्या फलंदाजांस मागे सारून फलंदाजीच्या सरासरीत पाकिस्तानतर्फे पहिले नाव त्यांचे लागले, आणि ती सरासरी होती त्रेपन्न धावांची! आमच्या वर्गातही असे विद्यार्थी असत. पहिल्या नंबरासाठी ते कधी धडपडत नसत. पण वर्षअखेर पाहावे तो सर्वांच्या पुढे.

दोन मुलांची अदलाबदल

आता ज्या दोन विद्यार्थ्यांमुळे या शाळेचे नाव दोन्ही देशांत झाले, त्यांच्याकडे वळू.

लालकृष्ण अडवाणी यांचा जन्म कराचीत ८ नोव्हेंबर १९२७ रोजी झाला. १९३६ पासून १९४२ पर्यंत ते सेंट पॅट्रिक शाळेत होते. तेथून मॅट्रिक होऊन ते सिंधमधील हैदराबादच्या महाविद्यालयात गेले आणि त्याच सुमारास राष्ट्रीय स्वयंसेवक संघात दाखल झाले. फाळणी झाली, आणि १२ सप्टेंबर १९४७ रोजी, वयाची वीस वर्षेही पुरी झालेली नसताना, त्यांनी कराची सोडली व ते विमानाने दिल्लीस आले.

परवेझ मुशर्रफ यांचा जन्म दिल्लीत, दर्यागंजच्या नहरवाली हवेलीत, ११ ऑगस्ट १९४३ रोजी झाला. ऑगस्ट १९४७ मध्ये, चार वर्षांचे असताना, आईबापांसमवेत आगगाडीने ते दिल्लीहून कराचीस गेले. वडील परराष्ट्रखात्यात असल्याने काही वर्षे कुटुंब तुर्कस्तानात होते. १९५६ मध्ये ते परतले आणि १९५८ मध्ये परवेझ सेंट पॅट्रिक शाळेतून उत्तीर्ण झाले. शाळेत त्यांनी वेताच्या छडीचा प्रसाद खाल्ला होता, हे त्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे, आणि शिक्षकांचे स्मरणही आदराने केले आहे. अडवाणी यांचे आत्मचरित्र २००८ मध्ये निघाले. त्यातही कराचीचे दिवस आणि ही शाळा आहेच.

म्हणजे एका महिन्याच्या अंतराने एक मुलगा दिल्लीतून कराचीस गेला आणि एक तरुण कराचीतून दिल्लीस आला. जणू इतिहासाने त्यांची अदलाबदल केली. एकाने सोडलेल्या शाळेत दुसरा जाऊन बसला. अडवाणी पुढे आपल्या देशाच्या राजकारणात वाढले, १९९० च्या रथयात्रेने देशभर परिचित झाले, गृहमंत्री आणि २००२ ते २००४ मध्ये उपपंतप्रधान झाले. मुशर्रफ सैन्यात शिरले. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध झाले तेव्हा पाकिस्तानचे सरसेनापती तेच होते. त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी त्यांनी सत्ता हाती घेतली आणि २००१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले.

जुलै २००१ मध्ये मुशर्रफ हे पंतप्रधान वाजपेयी यांच्या निमंत्रणावरून दिल्लीस व आग्र्यास आले. अडवाणी गृहमंत्री होते. त्या भेटीत प्रथम बोलणे निघाले ते शाळेचे. दोघेही सेंट पॅट्रिकचे. एकाचे जन्मगाव दुसऱ्याचे झालेले. याच दौऱ्यात मुशर्रफ नहरवाली हवेली पाहून आले. पण आग्र्याची वाटाघाट निष्फळ झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. एका शाळेची आठवण क्षणभर मन मऊ करू शकली. राजकारणाचा तिढा तिने सुटला नाही. पुढे २००५ मध्ये अडवाणी पाकिस्तानात गेले, तेव्हा त्यांनीही आपल्या या शाळेस भेट दिली. आपल्या बालपणीच्या शाळेच्या फाटकातून आत जाण्यास परदेशाचा परवाना लागावा, यासारखे दुःख कोणते? आमच्या वाचकांपैकी ज्यांचे मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेले असेल, त्यांस या दुःखाची थोडी कल्पना येईल.

मुशर्रफ ५ फेब्रुवारी २०२३ रोजी दुबईत निवर्तले. अडवाणी यांस २०२४ मध्ये भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला.

आणखी दोन पंतप्रधान

या शाळेने पाकिस्तानास दोन पंतप्रधानही दिले. पहिले मुहंमद खान जुनेजो. सिंधच्या ग्रामीण भागातील जमीनदार घराण्यात १९३२ मध्ये जन्मलेला हा शांत वृत्तीचा मनुष्य १९८५ मध्ये पंतप्रधान झाला. नेमणारे होते जनरल झिया, आणि देशात लष्करी कायदा होता. नेमलेला मनुष्य बाहुल्यासारखा वागेल अशी अटकळ होती. परंतु जुनेजो यांनी लष्करी कायदा उठविण्याचा आग्रह धरला व त्या वर्षाच्या अखेरीस तो उठला. बडे अधिकारी आणि सेनापती यांनी मोठ्या मोटारी सोडून लहान सुझुकी गाड्यांतून फिरावे, असा आग्रहही त्यांनी धरला. मे १९८८ मध्ये झिया यांनी त्यांस बडतर्फ केले. १९९३ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाचा गाजावाजा फारसा झाला नाही. पण आम्हांस विचाराल, तर सत्तेच्या पायरीवर बसूनही ताठ कणा ठेवू पाहणारा हा विद्यार्थी शाळेस भूषणावह वाटावा.

दुसरे शौकत अझीझ. जन्म कराचीचा, १९४९ चा. काही वर्षे सेंट पॅट्रिकमध्ये व पुढे अबोटाबादच्या शाळेत शिकून ते परदेशी बँकेच्या चाकरीत मोठ्या पदास चढले. मुशर्रफ यांनी त्यांस १९९९ मध्ये अर्थमंत्री केले आणि २००४ ते २००७ या काळात ते पंतप्रधान होते.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून एक हिशेब करावा. २००४ ते २००७ या तीन वर्षांत पाकिस्तानचा राष्ट्राध्यक्ष सेंट पॅट्रिकचा, पाकिस्तानचा पंतप्रधान सेंट पॅट्रिकचा, आणि भारताच्या लोकसभेतील विरोधी पक्षनेता, म्हणजे अडवाणी, तेही सेंट पॅट्रिकचेच! अण्वस्त्रे बाळगणाऱ्या दोन देशांच्या राजकारणातील तीन प्रमुख पुरुष एकाच शाळेचे माजी विद्यार्थी असावेत, असा योग अन्यत्र क्वचितच आढळेल.

शाळेचे देणे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. हे सर्व श्रेय शाळेचे काय?

आम्हांस स्वतःचा एक अनुभव आठवतो. आमच्या वर्गात एका बाकावर बसणारी दोन मुले होती. पाटी एकाची, पेन्सिल दुसऱ्याची, अशी त्यांची मैत्री. पुढे दोघेही गावच्या राजकारणात पडले आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत परस्परांविरुद्ध उभे राहिले. अर्ज भरण्याच्या आदल्या सायंकाळी दोघेही, एकामागून एक, आमच्या पाया पडावयास आले. आम्ही दोघांसही आशीर्वाद दिला. रात्री मात्र झोप लागली नाही. दोघांस बेरीज-वजाबाकी आम्हीच शिकविली होती. कोणी कोणाच्या मतांतून काय वजा करावे, हे आम्ही शिकविले नव्हते.

तीच गोष्ट कराचीच्या त्या शाळेची. एकाच शाळेच्या छत्राखाली एक मुलगा हिंदू राष्ट्रीय विचाराचा पुढारी होण्यास निघाला, एक पाकिस्तानी सेनेचा अधिपती होण्यास, एक ख्रिस्ती धर्मगुरू होण्यास आणि एक क्रिकेटची बॅट हाती घेण्यास. शाळेने यांपैकी कोणासही त्याचे मत दिले नाही. मत त्यांनी आपापल्या घरातून, काळातून आणि जखमांतून घेतले. शाळेने दिली ती शिस्त, भाषा आणि परधर्मीय शेजाऱ्याबरोबर एका बाकावर बसण्याची सवय. या शिदोरीवर प्रत्येकाने आपापली वाट चालली. चांगल्या वाटेचे सर्व श्रेय शाळेने घेऊ नये आणि वाकड्या वाटेचा सर्व दोष तिच्या माथी मारू नये, हे आमचे मत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या अल्पसंख्य समाजाने ही शाळा चालविली, त्या समाजाच्या मुलांच्या वाट्यास मंत्रिपदे क्वचितच आली. सत्ता दुसऱ्यांच्या मुलांकडे गेली. तरी शाळेने दार मिटले नाही. फाळणीनंतर हिंदू विद्यार्थी निघून गेले, त्यांच्या जागी दिल्ली-लखनौकडून आलेल्या निर्वासितांची मुले आली, पण घंटा पूर्वीच्याच वेळी वाजत राहिली. पुढे कित्येक गोवेकर कुटुंबे कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे गेली, तरी शाळा तेथेच उभी राहिली. आपली मुले किती मोठी झाली यावरून नव्हे, तर दुसऱ्यांच्या किती मुलांस आपण शिकविले यावरून एखाद्या समाजाची थोरवी मोजावी, असे ही कथा वाचून वाटू लागते.

ज्ञातीची स्मरणिका हे घरचे अंगण आहे. अंगणात आपल्या मुलांचे कौतुक होणारच, आणि ते व्हावेही. परंतु अंगणाला फाटक असते. आपल्या विद्यार्थिनिधीतून आणि वसतिगृहातून दुसऱ्या ज्ञातीच्या एखाद्या गरजू मुलालाही जागा मिळाली, तर आपले अंगण लहान होणार नाही. तो मुलगा पुढे आपल्या मताचा होईल की विरोधी मताचा, हे आज कोणी सांगावे? सेंट पॅट्रिकच्या पाद्र्यांनाही ते ठाऊक नव्हते. त्यांनी हजेरी घेतली आणि शिकविण्यास आरंभ केला.

पुढील वर्षी नामावली छापताना, शक्य असल्यास, प्रत्येक गुणवंताच्या नावापुढे त्याच्या पहिलीच्या शिक्षकाचे नावही छापावे, अशी संपादक मंडळास आमची नम्र सूचना आहे. कार्डिनलास आणि सेनापतीस ज्यांनी पहिले अक्षर गिरविण्यास लावले त्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. निदान आपण तरी आपल्यांची ठेवावीत.

इत्यलम्.